मिनियापोलिसबद्दल मला सतत विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराच्या दक्षिण भागात (साउथ मिनियापोलिस) राहते, निकोलेट अ‍ॅव्हेन्यूपासून दोन ब्लॉकवर. गणपतीला, दिवाळीच्या कार्यक्रमाला, कोणाच्या घरी जेवायला गेलं की शहराबद्दल तेच ते प्रश्न येतात आणि मी तीच ती उत्तरं देत बसते, शेवटी नवरा म्हणाला एकदा लिहून काढ. म्हणून हे लिहिलंय. मतं माझी आहेत, मी कुठल्या पक्षाची किंवा बिल्डरची कोणी नाही, इथे घर असलेली, बसने ऑफिसला जाणारी एक बाई आहे.

सगळी मराठी मंडळी ईडन प्रेरी, प्लिमथ, मेपल ग्रोव्ह अशा सबर्बमध्ये. तुम्हीच सिटीत का राहता?

आम्ही पण आधी ईडन प्रेरीलाच होतो, दोन वर्षं. अपार्टमेंट छान होतं, माणसं छान होती, पण दूध संपलं तरी गाडी काढायची, मुलीला पार्कमध्ये न्यायचं तरी गाडी काढायची. मला पुण्यात पायी हिंडायची सवय, तिथे मी आठ आठ दिवस अपार्टमेंट ते पार्किंग एवढंच चालायचे. मग इथे एक जुनं घर मिळालं, १९२० च्या दशकातलं, बाहेरून स्टको, चाळीस फूट रुंदीचा प्लॉट, मागे गल्ली आणि गल्लीत गॅरेज. छोटं आहे. पण चालत पाच मिनिटांत बस, दहा मिनिटांत किराणा, लायब्ररी जवळ, आणि तळ्यावर सायकलने जाता येतं. हे सगळं काही आपोआप झालेलं नाही. आमचा भाग ट्रामच्या काळात वसला, निकोलेट, लेक, शिकागो, हेनेपिन या सगळ्या रस्त्यांवर ट्राम धावायच्या आणि जिथे ट्राम थांबायची त्या कोपऱ्यावर दुकानं आली, घरं पण एकमेकांना लागून आली. १९५४ मध्ये शेवटची ट्राम गेली पण कोपऱ्यावरची दुकानं राहिली. आज लोक "काय छान वॉकेबल एरिया आहे" म्हणतात ते त्या गेलेल्या ट्रामच्या पुण्याईवर.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा जागी जास्त लोकांना राहायला मिळालं पाहिजे. या शहराने जेव्हा जेव्हा गाड्यांसाठी काही पाडलं तेव्हा नुकसान झालं, आणि जेव्हा जेव्हा घरांना जागा करून दिली तेव्हा फायदा झाला. खालची सगळी उत्तरं तिथूनच येतात.

ते "२०४० प्लॅन" म्हणतात ते नक्की काय आहे?

शहराचा विकास आराखडा. दर दहा वर्षांनी करावा लागतो, पण या वेळचा खूप गाजला. ७ डिसेंबर २०१८ ला सिटी कौन्सिलने तो १२ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला. त्याआधी शहरातल्या राहत्या जमिनीपैकी जवळपास ७० टक्के जमिनीवर नियम असा होता की एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर, बाकी काही बांधायचंच नाही. नवीन आराखड्याने सांगितलं की कुठल्याही प्लॉटवर तीन घरांपर्यंत बांधता येईल. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये हे करणारं मिनियापोलिस पहिलं. २०२० पासून नियम लागू झाला.

तेव्हाचं वातावरण मला चांगलं आठवतं. आमच्या रस्त्यावर प्रत्येक दुसऱ्या अंगणात पाटी होती, कोणाची "आमचे मोहल्ले बुलडोझ करू नका" अशा अर्थाची, कोणाची "अजून शेजारी येऊ द्या" अशा अर्थाची. समोरासमोरच्या दोन घरांतले लोक, जे एकमेकांचा बर्फ काढायचे, ते बोलेनासे झाले. मग केस झाली, पर्यावरणाच्या कायद्याखाली, की एवढी घरं झाली तर पर्यावरणाचं नुकसान होईल. कोर्टाने आराखडा एकदा नाही दोनदा अडवला, २०२२ ला आणि परत २०२३ ला, आणि शेवटी २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून हा तिढा सोडवला. पर्यावरणाच्या नावाने शहरात घरं अडवायची हे मला आजही पटत नाही. इथे घर मिळालं नाही तर माणूस गायब होत नाही हो, तो तीस मैल लांब कुठल्या तरी मक्याच्या शेतावर झालेल्या नवीन वसाहतीत जातो आणि रोज दोन वेळा हायवेवर गाडी चालवतो.

मग तीन-तीन घरांच्या इमारती सगळीकडे झाल्या का?

नाही. फार थोड्या झाल्या. जुनं चांगलं घर पाडून तिथे तीन घरं बांधणं पैशाच्या हिशोबात बसत नाही. ज्यांना वाटलं होतं की सगळं बुलडोझ होणार त्यांचं पण चुकलं आणि ज्यांना वाटलं होतं की यातूनच घरांचा प्रश्न सुटणार त्यांचं पण चुकलं.

खरा फरक पडला तो दुसऱ्या दोन गोष्टींनी, त्यांची पेपरात एवढी चर्चा नाही झाली. एक म्हणजे बसच्या मोठ्या रस्त्यांवर उंच बांधायला परवानगी मिळाली, चार मजले, सहा मजले, काही ठिकाणी त्याहून जास्त. आणि दुसरं म्हणजे पार्किंगची सक्ती गेली. पूर्वी प्रत्येक घरामागे पार्किंगची जागा दिलीच पाहिजे असा नियम होता, २०१५ ला तो बस-ट्रेनच्या जवळपास सैल केला आणि २०२१ ला पूर्ण शहरातून काढून टाकला. जमिनीखाली एक एक पार्किंगची जागा खणायला बिल्डरला भरपूर खर्च येतो, आणि तो खर्च गाडी नसलेल्या भाडेकरूच्या भाड्यात पण लागतो. माझ्या ऑफिसात एक मुलगा आहे, बसने येतो, त्याच्या जुन्या बिल्डिंगमध्ये त्याला पार्किंगसकटच भाडं भरावं लागायचं, गाडी नसताना. ही सक्ती काढणं ही माझ्या मते या शहराने गेल्या वीस वर्षांत केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे.

पण भाडी खरंच आटोक्यात राहिली का? की नुसतंच म्हणतात?

राहिली. प्यू या संस्थेने आकडे काढलेत, २०१७ ते २०२२ या काळात मिनियापोलिसमध्ये घरांची संख्या १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी फक्त १ टक्क्याने. त्याच काळात मिनेसोटाच्या बाकी भागात घरं ४ टक्क्यांनी वाढली आणि भाडी १४ टक्क्यांनी. कोविडमुळे डाउनटाउनची मागणी कमी झाली हे पण त्यात आहे, ते मी नाकारत नाही, पण फरक एवढा मोठा आहे की सगळं कोविडवर ढकलता येत नाही. आणि यात सगळ्यात गरीब माणसाचा प्रश्न सुटत नाही हे पण खरं आहे, ज्याचा पगारच भाड्याला पुरत नाही त्याला सरकारी मदतच लागते, नुसत्या नवीन बिल्डिंगा बांधून त्याला घर मिळणार नाही. दोन्ही करावं लागतं.

तुमच्या शेजारी चार मजली बिल्डिंग आली तर चालेल का? खरं सांगा.

आलीये. आमच्यापासून तीन घरं सोडून कोपऱ्यावर एक मोकळं पार्किंग लॉट होतं, डांबर फुटलेलं, त्यात उन्हाळ्यात गवत उगवायचं. तिथे चार मजली बिल्डिंग झाली. मला पण आधी धाकधूक होती, मी मागच्या अंगणात मेथी आणि टोमॅटो लावते, ऊन जाईल का वाटलं होतं. मी कागदावर काढून बघितलं, डिसेंबरमध्ये दुपारी तीननंतर सावली येते, आणि डिसेंबरमध्ये माझ्या अंगणात दोन फूट बर्फच असतो. उन्हाळ्यात काही फरक नाही.

रस्त्यावर पार्किंग मात्र कमी झालं, हे मी लपवणार नाही. स्नो इमर्जन्सी लागली, म्हणजे बर्फ काढायला रस्त्यावरच्या गाड्या हलवायला लागल्या, की त्रास होतो. पण बिल्डिंगमध्ये खाली एक छोटं बेकरीचं दुकान आलं, तिसऱ्या मजल्यावर एक नर्स राहते ती रात्रपाळीहून येते तेव्हा माझी मुलगी शाळेच्या बससाठी उभी असते, दोघींची ओळख झाली. पूर्वी त्या कोपऱ्यावर सकाळी पावणेसातला अंधारात कोणीच नसायचं, मी मुलीबरोबर उभी राहायचे. आता खिडक्यांत दिवे असतात आणि मी घरातून बघते.

घराची किंमत पडली का, हा पुढचा प्रश्न असतो. नाही पडली. आणि समजा थोडी कमी वाढली तरी मला चालेल, कारण माझ्या मुलीला उद्या याच शहरात राहायचं असेल तर तिला परवडायला पाहिजे ना.

शेजारच्या सेंट पॉल शहराने भाडेवाढीवर सरळ कॅपच लावली. ते जास्त सोपं नाही का?

ऐकायला सोपं आहे. नोव्हेंबर २०२१ ला तिथे मतदारांनी वर्षाला ३ टक्क्यांची मर्यादा मंजूर केली, आणि ती नवीन बिल्डिंगांना पण लागू होती. लगेच नवीन बांधकामाचे परवाने कोसळले, कारण बांधायला पैसे देणारेच मागे हटले. मग २०२२ ला बदल करून नवीन इमारतींना वीस वर्षं सूट दिली आणि २०२५ ला २००४ नंतर बांधलेल्या सगळ्याच इमारतींना कायमची सूट दिली. ज्या लोकांनी कॅपला मत दिलं त्यांचं दुःख मला समजतं, एका वर्षात भाडं दोनशे-तीनशे डॉलरने वाढलं की माणूस करणार काय. पण नदीच्या अलीकडे-पलीकडे दोन शहरं आहेत, एकाने घरं वाढवली आणि एकाने भाडेवाढ रोखली, आणि कुठे काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे.

निकोलेटवरच्या त्या केमार्टचं एवढं काय आहे? दुकान तर पाडलं ना?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते. निकोलेट अ‍ॅव्हेन्यू म्हणजे शहराचा कणा, डाउनटाउनपासून सरळ दक्षिणेला जाणारा रस्ता. १९७० च्या दशकात लेक स्ट्रीटचा धंदा बसत चालला होता, लोक सबर्बमधल्या मॉलला जायला लागले होते. पहिला बंदिस्त मॉल जगात कुठे झाला तर आमच्या शेजारच्या इडायनाला, साउथडेल, १९५६ साली, त्यामुळे हा मार इथे लवकर बसला. तेव्हा शहराने ठरवलं की आपण पण सबर्बसारखं मोठं दुकान आणि मोठं पार्किंग आणू. आणि त्यासाठी काय केलं तर लेक स्ट्रीटच्या नाक्यावर निकोलेट अ‍ॅव्हेन्यूच बंद केला. रस्त्याच्या मधोमध दुकान बांधलं! १९७८ पासून तिथे केमार्ट. अख्खा रस्ता एका दुकानाच्या मागच्या भिंतीवर जाऊन थांबायचा.

ती भिंत मी रोज बघितलीये. उत्तरेकडून, म्हणजे ज्याला इट स्ट्रीट म्हणतात तिकडून चालत आलं की आधी व्हिएतनामी फोची (नूडल सूपची) दुकानं, मेक्सिकन, चायनीज, सगळा गजबजाट, माणसं, वास, मग हळूहळू दुकानं विरळ होतात, आणि मग एकदम ती लांबच लांब भिंत, एक खिडकी नाही, खाली कचरा अडकलेला, बर्फ वितळून परत गोठलेला. तिथून पुढे चालायला नकोसं व्हायचं. १८ नंबरची बस जी निकोलेटवरून सरळ गेली पाहिजे ती बाजूच्या रस्त्यांवरून वळसा घालून जायची. एका दुकानासाठी चाळीसहून जास्त वर्षं, रोज, हजारो लोकांनी वळसा घातला.

शेवटी २०२० मध्ये शहराने केमार्टचा करार ९१ लाख डॉलर देऊन संपवला. त्याच वर्षी जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरच्या जाळपोळीत जवळची पोस्ट ऑफिसं जळाली होती म्हणून काही काळ त्या इमारतीत पोस्टाचं काम चालायचं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रिकाम्या इमारतीला आग लागली आणि मग ती पाडली. ज्या दिवशी ती भिंत गेली त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. कुंपणाच्या जाळीतून पलीकडचा सिग्नल दिसत होता. साधा ट्रॅफिक सिग्नल, हिरवा झाला, लाल झाला. इतकी वर्षं इथे राहून तो मला या बाजूने कधी दिसलाच नव्हता. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, ते म्हणाले की लहानपणी ते इथून सरळ सायकलने जायचे.

आता रस्ता परत जोडायचाय आणि बाजूला घरं, दुकानं, मोकळी जागा करायची आहे. माझं मत स्पष्ट आहे, रस्ता अरुंद ठेवा, बस सरळ जाऊ द्या, आणि पार्किंग लॉट परत होऊ देऊ नका.

ईडन प्रेरीची ट्रेन एवढी का रखडली?

ग्रीन लाइन एक्स्टेन्शन, साडेचौदा मैल, सोळा स्टेशनं. खर्च वाढत वाढत २८६ कोटी डॉलरवर गेला, आणि २०२७ ला सुरू होईल म्हणतात. तळ्यांच्या मधल्या केनिलवर्थच्या अरुंद पट्ट्यात मालगाडीचे रूळ, सायकलचा रस्ता आणि ही ट्रेन सगळं एकत्र बसवायचं म्हणून बोगदा करावा लागला, बाजूला जुन्या काँडोची बिल्डिंग, तिथे काम अडकलं.

पण माझं दुखणं उशिराचं नाहीये. ट्रेन कुठून न्यायची याचे दोन मुख्य पर्याय होते. एक निकोलेटवरून, जिथे शहरातली सगळ्यात दाट वस्ती आहे, भाड्याने राहणारे लोक आहेत, गाडी नसलेले लोक आहेत. आणि दुसरा केनिलवर्थच्या झाडीतून, जिथे स्टेशनच्या आजूबाजूला मोजकी, महागडी घरं आहेत. झाडीतला निवडला, कारण तेव्हाच्या केंद्र सरकारच्या हिशोबाच्या पद्धतीत लांबून येणाऱ्या प्रवाशाची वाचलेली मिनिटं जास्त मोलाची होती, आणि तो मार्ग स्वस्त पण पडेल असं वाटलं होतं. म्हणजे ज्यांना ट्रेनची सगळ्यात जास्त गरज त्यांच्या दारावरून ती गेलीच नाही.

तरी ती सुरू झाली की मी वापरणार, आणि तुम्ही पण वापरा. ईडन प्रेरीच्या मैत्रिणींना माझी खास विनंती आहे की स्टेशनजवळ कोणी अपार्टमेंट बांधायला निघालं आणि मीटिंगमध्ये विरोध सुरू झाला तर तुम्ही जाऊन बाजूने बोला. स्टेशनभोवती घरं नसतील तर ट्रेन रिकामी धावेल.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. त्यांचं सिटीत कसं जमतं?

खरं सांगायचं तर माझी निम्मी मतं बाबांमुळे बनलीत. आम्ही ईडन प्रेरीला असताना आई-बाबा पहिल्यांदा आले. मोठं घर नव्हतं तरी सगळ्या सोयी होत्या. आम्ही दोघं कामाला गेलो की ते दोघं संध्याकाळपर्यंत खिडकीत. बाबा नाशिकला रोज सकाळी भाजी आणणारे, नाक्यावर उभं राहून चार माणसांशी बोलणारे, इथे त्यांना विचारल्याशिवाय कुठे जाता यायचं नाही, कारण जायचं म्हणजे गाडी आणि गाडी म्हणजे मी. तिसऱ्या महिन्यात ते बोलायचेच कमी झाले. आई एकदा म्हणाली, "अगं, इथं सगळं आहे, पण बाहेर पडायला बाहेरच नाही."

इथे आल्यावर मी बाबांना बसचं कार्ड काढून दिलं. ज्येष्ठांना १ डॉलर तिकीट. पहिले दोन दिवस मी बरोबर गेले, तिसऱ्या दिवशी ते एकटे १८ नंबरने डाउनटाउनच्या सेंट्रल लायब्ररीत गेले. काचेची मोठी इमारत आहे, २००६ ला झालेली, आत ऊन येतं. तिथे बसून पेपर वाचायचे, परत यायचे. येताना इट स्ट्रीटवरच्या एका आशियाई दुकानातून कोथिंबीर आणि मिरच्या आणायचे. दुकानातल्या काकू व्हिएतनामी, बाबांचं इंग्लिश शाळेतलं, पण दोघं मिरच्यांवर बराच वेळ बोलायचे. एकदा ते पाऊण तास उशिरा आले, माझा जीव टांगणीला लागला होता, तर म्हणाले की सोमाली रिटायर्ड ड्रायव्हर भेटला बसमध्ये, त्याच्याबरोबर सीडर-रिव्हरसाइडला चहा प्यायला गेलो होतो. त्या दिवशी त्यांचा चेहरा नाशिकच्या बाबांसारखा होता.

एवढ्या थंडीत कोण चालणार आणि कोण बसला उभं राहणार?

मी उभी राहते. जानेवारीत उणे वीस-पंचवीस सेल्सियस असतं तेव्हा पण. मोठ्या बसस्टॉपच्या शेल्टरमध्ये बटण असतं, ते दाबलं की वर हीटर लाल होतो, काही मिनिटं चालतो, परत दाबायचं. थंडीला कपडे आहेत. त्रास आहे तो फूटपाथचा. इथे नियम असा की स्वतःच्या घरापुढचा बर्फ मालकाने काढायचा, बर्फ थांबल्यापासून एक-दोन कुटुंबांच्या घरांना २४ तास आणि बिल्डिंगांना, दुकानांना दिवसाच्या वेळेतले ४ तास. नऊ घरांनी काढला आणि दहाव्याने नाही काढला तर व्हीलचेअरवाला, बाळगाडीवाली आई, काठी घेतलेल्या आजी, सगळे त्या दहाव्या घरापाशी अडकतात. रस्त्याचा बर्फ महापालिका काढते मग फूटपाथचा का नाही? गाडीवाला माणूस आणि पायी जाणारा माणूस, दोघं कर सारखाच भरतात. दोन हिवाळ्यांपूर्वी मी स्वतः कोपऱ्यावरच्या बर्फाच्या ढिगाऱ्यावरून घसरून मनगट मोडून घेतलंय, सहा आठवडे प्लास्टर, पोळ्या नवरा लाटायचा. हा खर्च शहराने उचललाच पाहिजे, यावर मी माघार घेणार नाही.

स्कायवे आहेत की मग! किती सोय आहे.

सोय आहेच. स्कायवे म्हणजे डाउनटाउनच्या बिल्डिंगा दुसऱ्या मजल्यावरून जोडणारे काचेचे बंद पूल. पहिला १९६२ ला झाला, आता साधारण साडेनऊ मैल, ऐंशी ब्लॉक जोडलेत. पाहुणे आले की मी पण दाखवते. पण ते खाजगी आहेत, प्रत्येक बिल्डिंगची वेळ वेगळी, संध्याकाळी एकेक दार बंद होत जातं. आणि दुकानं सगळी दुसऱ्या मजल्यावर गेली की खालचा रस्ता ओस पडणारच. निकोलेट मॉल १९६७ पासून पायी चालणाऱ्यांसाठी केला, २०१७ ला परत नवीन करून झाला, पण खाली माणूस कमी आणि वर काचेच्या नळीत गर्दी. पाडा असं मी म्हणत नाही. जमिनीवर उतरायचे जिने आणि लिफ्ट दिसतील अशा करा, आणि नवीन बांधू नका.

डाउनटाउन मेलंय का?

नाही. ऑफिसं रिकामी झालीत, ते खरं आहे, कोविडनंतर मोठ्या कंपन्यांनी मजलेच्या मजले सोडले. पण राहणारे लोक वाढलेत. जुन्या गिरण्यांच्या भागाकडे बघा, मिल डिस्ट्रिक्ट. तिथे एकेकाळी जगातलं सगळ्यात जास्त पीठ दळलं जायचं, मग गिरण्या बंद पडल्या, नुसते सांगाडे आणि पार्किंग उरलं. १८८३ चा रेल्वेचा स्टोन आर्च ब्रिज १९९४ ला चालणाऱ्यांसाठी उघडला, जळक्या गिरणीत २००३ ला म्युझियम केलं, आणि मग घरं आली. संध्याकाळी त्या पुलावर जाऊन बघा, कुत्री, बाळगाड्या, सायकली, लग्नाचे फोटो. हेच शहराने १९६० च्या आसपास गेटवे भागात उलटं केलं होतं, दोनशेच्या आसपास इमारती पाडल्या, १८९० ची मेट्रोपॉलिटन बिल्डिंग सुद्धा, आणि पुढे कित्येक वर्षं त्या जागी पार्किंग लॉट. ज्या इमारती ठेवल्या त्या आज कमवून देतात.

लेक स्ट्रीट सेफ आहे का?

मी जाते, मुलीला घेऊन जाते. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसाने मारलं ते ३८ वा रस्ता आणि शिकागोच्या चौकात, आमच्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. नंतर लेक स्ट्रीटवर किती दुकानं जळाली, त्यातली कितीतरी स्थलांतरितांची होती, वीस-वीस वर्षांची कमाई. आम्ही सकाळी झाडू आणि पोती घेऊन गेलो होतो, शेकडो लोक आले होते, काचा झाडताना कोणी कोणाशी बोलत नव्हतं. काही प्लॉट अजून रिकामे आहेत. पण सिअर्सच्या जुन्या टॉवरमधलं मिडटाउन ग्लोबल मार्केट चालू आहे, २०२५ पासून बी लाइन बस सुरू झाली, जुन्या २१ नंबरपेक्षा खूपच लवकर पोचवते. घाबरून तिथे जायचं सोडलं तर तिथली दुकानं उभी राहणार कशी?

हायवेने शहर तोडलं असं तुम्ही नेहमी म्हणता. म्हणजे काय?

सेंट पॉलला रोंडो नावाची कृष्णवर्णीय लोकांची भरलेली वस्ती होती, आय-९४ साठी ती मधोमध कापली, ६०० पेक्षा जास्त कुटुंबं उठवली. आमच्याकडे आय-३५डब्ल्यूने साउथ मिनियापोलिसचं तेच केलं. आणि या वस्त्या तिथेच का होत्या, तर बाकी ठिकाणी घर घ्यायला बंदी होती. घराच्या खरेदीखतातच लिहायचे की हे घर अमुक वंशाच्या माणसाला विकायचं नाही. मिनेसोटा विद्यापीठातला मॅपिंग प्रेज्युडिस नावाचा प्रकल्प आहे, त्यांनी एकेक खरेदीखत वाचून नकाशा केलाय, एकट्या मिनियापोलिसमध्ये अशी ८,००० च्या आसपास सापडली. आमचा ब्लॉक मी शोधला. आमच्या घराच्या खतात नाही, पण दोन ब्लॉक पलीकडे आहे, तळ्याकडे जावं तशी दाट होत जातात. काही खतांमध्ये चिनी, जपानी लोकांची पण नावं आहेत. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. "एका प्लॉटवर एकच कुटुंब" हा नियम रद्द करायला मी का उभी राहिले याचं उत्तर त्या नकाशात आहे.

शहरात काहीच चांगलं नाही का मग?

अहो, तळी! १८८३ मध्ये स्वतंत्र पार्क बोर्ड केलं आणि तळ्यांचे काठ सगळ्यांसाठी राखून ठेवले. हॅरिएट, नोकोमिस, बेडे माका स्का, यातल्या कुठल्याही तळ्याला पूर्ण चक्कर मारता येते, मध्ये कोणाचं कुंपण लागत नाही. आणि मिडटाउन ग्रीनवे, जुन्या रेल्वेच्या खंदकात केलेला साडेपाच मैलांचा सायकलमार्ग, मी एप्रिल ते नोव्हेंबर तिथून जाते.

आपण बाहेरून आलेले, आपण कशाला यात बोलायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो. एच-वन व्हिसावर असताना मला पण वाटायचं की मतदानाचा हक्क नाही तर बोलायचा पण हक्क नाही. पण जनसुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही, घर मालकीचं पण लागत नाही, तुम्ही इथे राहता एवढं पुरतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये २०४० प्लॅनच्या सुनावणीला मी सिटी हॉलमध्ये गेले. लाल ग्रॅनाइटची जुनी इमारत, बाहेरच्या गॅलरीपर्यंत रांग. माझा नंबर यायला तीन तास लागले. हातातला कागद थरथरत होता. मी बाबांबद्दल बोलले, खिडकीत बसलेल्या, आणि मग बसने लायब्ररीत जाणाऱ्या बाबांबद्दल. वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा माझं शेवटचं वाक्य राहिलं होतं. बाहेर आल्यावर एका अनोळखी बाईने माझा हात धरला आणि म्हणाली की तिच्या आईचं पण असंच होतं.

शहराचे तेरा वॉर्ड आहेत, पत्ता टाकला की तुमचा वॉर्ड आणि तुमचा कौन्सिल मेंबर कळतो. ईमेल चार ओळींची असली तरी चालते, फक्त स्वतःच्या शब्दांत लिहा आणि तुमचा रस्ता कुठला ते लिहा. सुनावणीला यायचं असेल तर मला सांगा, मी बरोबर येईन, आणि येताना १८ नंबरनेच येऊ.